अडीच हात होईपर्यंत

पुणे,
२० नोव्हेंबर १९५६

ति. अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. मुदखेडला आणि मनमाडला गाड्या बदलून तिसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो. पेटीत तू दिलेल्या तिळाच्या पोळ्या अजून चार उरल्या आहेत. पुरवून खातो आहे.

हैदराबादच्या आमच्या कचेरीचे अखेर वाटे झालेच. आधी कपाटं वाटली, मग टाइपरायटर, आणि शेवटी माणसं. मी मराठी, म्हणून माझी रवानगी मुंबई राज्यात. आपलं तामसी मात्र आंध्रात. हैदराबादेत होतो तेव्हा दोन महिन्यांतून एकदा तरी येऊन सोजरला बघून जात होतो. आता वर्षातून एकदा जमलं तरी नशीब.

माझी रेणुका गेली तेव्हा दोन वर्षांची सोजर मी तुझ्या ओटीत घातली. त्याला तीन वर्षं झाली. परवा आदिलाबादच्या फलाटावर ती तुला चिकटून उभी होती. तिचं डोकं तुझ्या कमरेच्या थोडं वर लागत होतं, एवढंच माप घेऊन मी गाडीत बसलो. अक्का, ती तिकडे वाढत राहील आणि मला इथं काही कळणार नाही, या विचारानं जेवण जात नाही. माझं एक काम कर. दर काही महिन्यांनी तिची उंची मोजून कळवत जा. काठी घे, पट्टी घे, काहीही घे.

तुझा,
वामन


तामसी,
संक्रांत, १४ जानेवारी १९५७

चि. वामन,

आशीर्वाद. पण आधी कान धरते तुझा. काठी घे असं लिहायला तुझा हात कसा धजावला? आपल्या घरात काठीनं माणूस मोजतात तो तिरडी बांधायला. दोन शहरं फिरलास तर एवढंही विसरलास?

लेकराला कच्च्या सुताच्या दोऱ्यानं मोजायचं, टाचेपासून टाळूपर्यंत. दोरा तोडला की हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा, म्हणजे वाढीला दृष्ट लागत नाही. तसा दोरा पाकिटात घातला आहे. दाजी म्हणाले, "वामनले दोरा काऊन पाठवून राह्यली? सरळ इंच लिव ना." मी म्हटलं, मला इंच येत नाही. मला हात येतो आणि बोट येतं. चोवीस बोटांचा एक हात, आपल्या आईनं शिकवलं तेवढंच.

शाळेत नवा तेलुगू मास्तर आला आहे. पोरगा भला आहे. त्यानं भिंतीवर रेघा मारून ठेवल्या आहेत आणि दर महिन्याला एकेका पोराला तिथं उभं करतो. सोजर माझ्या मांडीला टेकून बसली आहे. ती सांगते ते तिच्याच शब्दांत लिहिते: "बाबाले सांग, मी मुप्पै तोम्मिदि झाले." म्हणजे काय ते तुझं तू बघ. माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं.

जवारी हुरड्यात आली आहे. तू असतास तर कणसं मोजून खाल्ली असतीस.

जयवंता


पुणे,
३ जून १९५७

ति. अक्का,

दोरा खिळ्याला टांगला आहे. खालचं टोक जमिनीला टेकेल असा खिळा ठोकला, म्हणजे सोजर भिंतीला पाठ लावून उभी आहे असं वाटतं. सकाळी कचेरीत जाताना त्याच्यावरून हात फिरवतो. हसू नकोस.

मुप्पै तोम्मिदि म्हणजे एकोणचाळीस. मास्तरची रेघ इंचांची आहे. तुझा दोरा पट्टीला लावला तर साडेअडतीस भरला. अर्धा इंच इकडेतिकडे, तेवढं चालायचंच.

इथं माझं कामही अशाच दोन मापांचं आहे. मराठवाड्यातला पटवारी बांधावर उभा राहून नुसत्या नजरेनं सांगतो, पीक सोळा आण्यांपैकी इतके आणे. त्याच रानात आमचा माणूस दोरी लावून एक तुकडा आखतो, तो कापतो, मळतो आणि वजन करतो. नजर आणि वजन यांचं कितपत पटतं ते मी कागदावर मांडायचं.

आता मुख्य गोष्ट. मला एक खोली मिळाली आहे. समोरच मुलींची मराठी शाळा. सोजर तिथं शिकेल. अडचण एकच. मी कचेरीत असताना तिला आतून कडी लावता आणि काढता आली पाहिजे, आणि कडी उंच आहे. अक्का, तिला घेऊन येऊ का? तिच्यावाचून ही खोली खोली वाटत नाही.

वामन


तामसी,
२८ जुलै १९५७

चि. वामन,

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. दाजी म्हणाले, "काय झालं वं, कोणाचं वाईट वर्तमान हाय काय?" मी म्हटलं, नाही, चांगलंच आहे.

ओटीत घातलीस तेव्हा परत मागेन असं बोलला नव्हतास. मीही विचारलं नव्हतं. पोर तुझी, तुझं बोलावणं खोटं कसं म्हणू? माझ्या पोटी देवानं काही दिलं नाही, त्याचा तुझ्यावर कशाला राग काढू? पण एवढीशी पोर दिवसभर परक्या गावात कोंडून ठेवशील तर मला घास गिळायचा नाही.

म्हणून माझं ऐक. सोजर अडीच हात होईपर्यंत राहू दे. मी आपल्या दाराशी मोजून पाहिलं आहे. अडीच हाताचं लेकरू टाचा उचलून कडीला पोचतं. ती अडीच हात झाली की मी स्वतः तुला कळवीन, मग येऊन घेऊन जा. शब्द देते.

नवा दोरा घातला आहे. ती म्हणते, नलभै. शेजारणीच्या कोंबड्यांना हल्ली तेलुगूत रागावते.

जयवंता


पुणे,
९ ऑगस्ट १९५७

ति. अक्का,

कबूल. अडीच हात म्हणजे पंचेचाळीस इंच. आजचा दोरा साडेएकोणचाळीस भरला, मास्तरचे चाळीस. तोच अर्धा इंच. खिळ्याच्या बाजूला पंचेचाळिसाची रेघ मारून ठेवली आहे. रोज तिच्याकडे बघतो.

दिवाळीला यायला मिळणार नाही. ते पीक कापणीचे दिवस, आम्हाला रजा नसते. रागावू नकोस.

वामन


तामसी,
५ मार्च १९५८

चि. वामन,

मध्ये एक दोरा टपालानं गेला तो पोचला असेल. तेव्हा ती नलभै ओकटि म्हणाली होती. आज दुसरा घातला आहे. आज म्हणते, नलभै रेंडु.

पोर काही वाढायचं नाव घेत नाही बघ. आईच्या अंगाची, रेणुकाही बुटकीच होती. अडीच हाताला अजून पुष्कळ अवकाश आहे. तू घाई करू नकोस.

खाणंपिणं उत्तम आहे. परवा मोहाची फुलं वेचायला माझ्याबरोबर आली आणि टोपली डोक्यावर घेऊन माझ्या पुढं चालत होती. मागून बघताना मला एकदम रेणुका चालल्यासारखी वाटली. जाऊ दे. तुला खोकला आहे म्हणालास, अडुळसा घे.

जयवंता


पुणे,
२ सप्टेंबर १९५८

ति. अक्का,

मे महिन्यात येणार होतो आणि काविळीनं आडवा झालो, ते तुला कळवलंच आहे. आता बरा आहे, पण मनाला चैन नाही. जुलैचा तुझा दोरा साडेएक्केचाळीस इंच भरला. सात वर्षांच्या पोरीला हे कमी आहे. कचेरीत विचारून पाहिलं, सगळे तेच म्हणाले. म्हणून माशाच्या तेलाची बाटली पाठवतो आहे. रोज एक चमचा दे. वास येतो, गूळ दे वरून.

नलभै ओकटि, नलभै रेंडु म्हणजे एक्केचाळीस, बेचाळीस; आता जुलैला मास्तर त्रेचाळीस सांगतो. त्याच्यात आणि तुझ्यात आता दीड इंचाचं अंतर पडलं. मी विचार केला आणि मला कारण सापडलं. शाळेची जमीन दर पंधरवड्याला सारवत असतील. शेणमातीचे थर चढून चढून जमीन वर आली असणार आणि भिंतीवरच्या रेघा होत्या तिथंच राहिल्या. त्यामुळे पोरं त्याला उंच दिसतात. दाजींना एकदा बघून यायला सांग. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, चूक त्याचीच.

कामाचं म्हणशील तर तोंडघशी पडलो. नजरेची आणेवारी आणि कापणीचं वजन यांचा मोठा तक्ता केला. एक वाढलं की दुसरं वाढतं, अगदी रांगेत. मी खाली ठोकून लिहिलं, दोन्ही मापं जुळतात. साहेबांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, "दोन्ही बरोबर वाढतात हे तुम्ही दाखवलंत. दोघांचं म्हणणं एकच आहे हे कुठं दाखवलंत? वजाबाकी करून आणा." आता ती करतो आहे.

वामन


तामसी,
१० नोव्हेंबर १९५८

चि. वामन,

आशीर्वाद. तुझी बाटली आली. सोजर चमचा बघितला की गोठ्यात पळते. दाजी तिला पकडून आणतात आणि दोघंही नाक धरतात. माझ्या घरात पोरीला काही कमी पडतं असं तुला वाटलं, ते मला लागलं. लिहून टाकलं, आता मनात ठेवत नाही.

सारवणाचं तू म्हणतोस ते अगदी बरोबर आहे. थरच चढला असेल. शाळेच्या बाया हात सैल सोडून सारवतात, मी पाहिलं आहे.

दोरा घातला आहे. सोजर सांगते ते लिहिते: "बाबाले सांग, मी नलभै नालुगु झाले. अन् शाळेत थंडीनं पाय गार पडतात, काऊन का तिथं पयल्यापासून फरशी हाय."

ती म्हणाली म्हणून लिहिलं.

जयवंता


पुणे,
१२ जानेवारी १९५९

ति. अक्का,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

साहेबांनी सांगितलेली वजाबाकी केली. त्यांची रीत साधी आहे. नजर खरी की वजन खरं हे आधी धरून चालायचं नाही. दोघांची सरासरी काढायची, तिच्यासमोर दोघांमधला फरक मांडायचा आणि बघायचं. फरक सगळीकडे सारखाच असला तर काळजी नाही. पटवारी नेहमीच एक आणा कमी सांगत असेल तर आपण एक आणा वाढवून घ्यावा आणि स्वस्थ झोपावं. पण तसं नव्हतं. पीक बेताचं तिथं नजर आणि वजन जवळजवळ एक. पीक जसं भरत जाई तशी नजर मागे पडे. चौदा आण्यांच्या रानात तीन-तीन आण्यांनी मागे. मी साहेबांना म्हटलं, पटवाऱ्यांना भरलेलं पीक ओळखता येत नसावं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं बांधावर उभा राहिलेला माणूस तो. त्याला सगळं दिसतं. पीक भरलं असं कागदावर लिहिलं की गावातून काय काय जाईल, तेही त्याला दिसतं."

त्या संध्याकाळी खोलीवर आलो आणि खिळ्यावरचे सहाही दोरे उतरवले.

मास्तरच्या एकोणचाळिसाला तुझा दोरा अर्धा इंच कमी. चाळिसाला अर्धा. एक्केचाळिसाला पाऊण. बेचाळिसाला एक. त्रेचाळिसाला दीड. चव्वेचाळिसाला, म्हणजे तिच्या नलभै नालुगूला, दोन.

आधी तुझ्या हळदीवर संशय घेतला. कच्चं सूत आणलं, चाळीस इंच मोजून हळदीच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं. अर्धा इंच आटलं. पुन्हा केलं, पुन्हा अर्धाच. म्हणजे पहिल्या दोन दोऱ्यांचा निकाल लागला. पुढचे दोरे नुसत्या हळदीनं एवढे आटले नाहीत. आणि पुढचे सगळे, अक्का, अडीच हातांचं ठरल्यानंतरचे आहेत.

मी रागावलो आहे असं समजू नकोस. रागावायला बसलो होतो, जमलं नाही. तू आईसारखी सगळ्यांना खरं सुनावणारी. तुझा हात पोरीच्या डोक्यावरून खाली सरकत असेल तेव्हा तुला काय होत असेल, ते मला इथं बसून दिसत होतं. पण मलाही ती हवी आहे. चोरून नको, भांडून नको, पण हवी आहे. दोन वर्षं मी दोऱ्याशी बोलतो आहे.

म्हणून काल सुताराला बोलावून दाराची कडी चार बोटं खाली घेतली. जुन्या कडीची भोकं लांबी भरून बुजवली. आता तुझ्या शेवटच्या दोऱ्याएवढी पोर पोचेल. तुझा शब्द मोडायला नको आणि तुझा दोराही खोटा ठरायला नको. मे महिन्यात येतो.

तुझा,
वामन


तामसी,
२० फेब्रुवारी १९५९

चि. वामन,

पत्र चार वेळा वाचलं. दाजींना वाचून दाखवलं नाही, पण त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणाले, "मी पाहून राह्यलो व्हतो. म्हटलं, बहीणभावाचं हाय, आपण काऊन बोला."

पहिल्यांदा मुद्दाम केलं नव्हतं. टाळूवर दोरा धरला होता, बोट जरासं खाली सरकलं, आणि मी ते परत वर नेलं नाही. एवढंच. पुढच्या वेळी बोट आपणहून तिथं गेलं. पुढं पुढं कपाळाच्या कडेपाशी. ती हलू नये म्हणून मी तिला डोळे मिटायला सांगत असे. ती मिटायची. तेच मला सगळ्यांत जास्त खातं.

आणि नलभै मला कळत नव्हतं असंही समजू नकोस. आदिलाबादच्या बाजारात पंचवीस वर्षं भाजी विकली मी. तू जुळवून बघतोस हेही पहिल्याच वर्षी लिहिलं होतंस. तरी ती सांगायची ते मी लिहीत राहिले. एका हातानं चोरत होते आणि दुसऱ्या हातानं तुला सांगत होते. यातलं कुणाचं ऐकावं ते तू ठरवावंस असं वाटत होतं. स्वतः ठरवायची माझी ताकद नव्हती.

ती मला माय म्हणते. मी शिकवलं नाही, पण थांबवलंही नाही.

आज खरा दोरा घेतला. टाचेपासून टाळूपर्यंत, डोळे उघडे ठेवून. दोन हात आणि बारा बोटं. अडीच हात झाली, वामन. मी शब्द दिला होता म्हणून कळवते आहे. येऊन घेऊन जा.

जयवंता


पुणे,
५ जुलै १९५९

ति. अक्का,

आदिलाबादच्या फलाटावर तू खिडकीपाशी आली नाहीस. सोजर मुदखेडपर्यंत त्याच बाजूला बघत होती.

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मी तिला म्हटलं, कडी लावून दाखव. तिनं हात वर केला आणि लावली. टाचा उचलाव्या लागल्याच नाहीत. मग वरची बुजवलेली भोकं तिला दिसली. विचारलं, "बाबा, हे काय व्हय?" आणि टाचा उचलून तिथंही बोट टेकवून दाखवलं. अक्का, माझी जुनी कडीही तिला पोचली असती. तो सुतार मी उगीचच बोलावला.

शाळेत रमते आहे. बाईंनी दहा विचारले तर पदि म्हणाली, वर्ग हसला, मग तिनं सगळ्या वर्गाला वीसपर्यंत तेलुगूत शिकवलं. जेवते. माझ्या भाकरीला नावं ठेवते. पण रोज मी गेलो की कडी लावायच्या आधी थोडा वेळ दाराशी उभी राहते, असं शेजारच्या गयाबाई सांगतात. काल पट्टी घेऊन तिला भिंतीशी उभं केलं तर बाजूला झाली. म्हणाली, "माय दोऱ्यानं मोजते." मी पट्टी ठेवली आणि सूत शोधलं.

मला तिची आठवण यायची ती आता तुला येते आहे. फक्त गाव बदललं. तुझ्यापासून काय आणलं ते मला रोज दिसतं.

तिची उंची आज सव्वाशेहेचाळीस इंच आहे.

वामन


तामसी,
१९ ऑगस्ट १९५९

चि. वामन,

तुला आणि माझ्या सोजरला आशीर्वाद. खिडकीपाशी आले असते तर गाडीत चढले असते, म्हणून आले नाही.

इथं सगळं ठीक. कापूस गुडघ्याएवढा झाला आहे. दाजी सवयीनं अजून तीन ताटं मांडतात आणि मग एक उचलून ठेवतात. मी बघत नाही असं त्यांना वाटतं. मास्तर परवा विचारत होता, भिंतीवरची सोजरची खूण पुसू का? मी म्हटलं, पुसून बघ, मग सांगते.

तुझं ते सव्वाशेहेचाळीस वाचलं. बोटं मोजून पाहिली आणि पत्र खाली ठेवलं. साडेचार महिन्यांत केवढी झाली रे. तुझी पट्टी खरी आहे, मला ठाऊक आहे. पण ती तुझ्याजवळच असू दे.

मला दोरा पाठवत जा. कच्च्या सुताचा, टाचेपासून वर. हळदीत बुडवून सावलीत वाळव. इथं तुळईला खिळा ठोकून ठेवला आहे.

आणि तोडशील तेव्हा, वामन, दोन बोटं आखूडच तोड.

जयवंता